गाडी उंच झाली, आता टायर किती मोठा?

पिकअपला लिफ्ट बसवली की लगेच मोठ्या टायरचे वेध लागतात. पण पैसे मोजण्यापूर्वी थोडं गणित करा, आणि घरच्यांनाही विचारा!

मे महिन्याची अखेर. रात्रीचे साडेदहा वाजलेले. अशा वेळी गावाकडून फोन आला की काळजात धस्स होतं. फोन देवरुखहून होता, मामेभावाचा. सुदैवाने सगळं ठीक होतं. उलट, दादाच्या आवाजात कॉलेजकुमाराचा उत्साह होता.

"अगं, गाडीला लिफ्ट बसवून आणली. चांगली दोन इंच! आता फक्त टायर राहिलेत. सगळे म्हणतायत तेहतीस इंची टाक. तू गाड्यांवर लिहितेस ना? सांग, टाकू का?"

मी काही बोलायच्या आत पाठीमागून वहिनीचा आवाज आला, "वन्संना हेही विचारा, सासूबाईंना गाडीत चढवायला शिडी कुठे मिळते!"

वाचकहो, एका फोनमध्ये दोन प्रश्न होते. दादाचा प्रश्न टायरचा होता, वहिनीचा घराचा. दोन्हींचं उत्तर एकच निघेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

पिकअप आता घरची गाडी

पूर्वी पिकअप म्हणजे माल वाहायची गाडी. १९८८ साली टाटामोबाईल रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यात हौसेने फिरायला जाणारं कुटुंब विरळाच. आज चित्र बदललंय. चार दारांची, पाच माणसांची, मागे हौद असलेली पिकअप हौसेने घेतली जाते. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स ही नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. दादाचीही गाडी अशीच, चार दारांची. हंगामात तिच्यातून आंब्याच्या पेट्या आंबा घाटाने कोल्हापूरला जातात, आणि एरवी मामींना डॉक्टरकडे नेण्यापासून मुलांच्या सहलीपर्यंत सगळं तिच्यावरच.

लिफ्टचं कारणही खरं होतं. बागेकडे जाणारी वाट कातळावरून जाते. तिथे एका जागी दोन दगड वर आलेत. भरलेली गाडी तिथून नेताना मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शिअल, दगडाला घासायचा. त्यावर कुणीतरी उपाय सांगितला, गाडी उचलून घे. दादाने पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर आणि मागच्या पाट्यांखाली ठोकळे बसवून गाडी पन्नास मिलिमीटर वर घेतली. आणि गंमत म्हणजे, तो गोळा अजूनही घासतच होता!

लिफ्टने काय वाढतं, काय वाढत नाही

इथेच पुष्कळांची फसगत होते. लिफ्टमुळे गाडीचा सांगाडा आणि वरचं शरीर उंच होतं. पण मागचा अ‍ॅक्सल हा थेट चाकांना जोडलेला एक सलग दांडा असतो. चाक जमिनीवर आहे तोवर दांडा आहे तिथेच राहणार. वरची गाडी कितीही उचला, तो गोळा तसूभरही हलत नाही. त्याला वर न्यायचं असेल तर एकच मार्ग, चाकाचा व्यास वाढवणं. त्यातही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मंच अंतर मिळतं, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो.

म्हणजे टायर मोठे करण्याचा दादाचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. प्रश्न होता, किती मोठे?

कागद-पेन्सिल घ्या

टायरच्या कडेवरचे आकडे पाहून घाबरू नका. दादाच्या गाडीवर कंपनीचं माप होतं २५५/६० आर १८. यातला २५५ हा आकडा टायरची रुंदी सांगतो, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

आता गणित. २५५ चे ६० टक्के म्हणजे १५३. भिंत वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट करा, ३०६. रिमचे १८ इंच गुणिले २५.४ म्हणजे ४५७. बेरीज झाली ७६३ मिलिमीटर. हा टायरचा पूर्ण व्यास, साधारण ३० इंच. पाचवीतल्या मुलाला जमेल असं हे गणित. आमच्या भाच्याने तर ते माझ्याआधी सोडवलं!

दादाला सुचवलेला तेहतीस इंची टायर होता २७५/७० आर १८. त्याचा व्यास येतो ८४२ मिलिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त. अ‍ॅक्सल त्यामुळे ३९ मिलिमीटर वर जातो. मधला पर्याय २६५/६० आर १८. व्यास ७७५, वाढ दीड टक्का, आणि अ‍ॅक्सल वर जातो फक्त ६ मिलिमीटर. म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढाही नाही.

या धंद्यातले जाणकार साधारण तीन टक्क्यांची मर्यादा पाळतात. मूळ व्यासापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक फरक नको. दादाच्या गाडीला ही मर्यादा ७८६ मिलिमीटरची. तेहतीस इंची टायर तिच्या पार पलीकडे.

मीटर खोटं बोलू लागतो

"दहा टक्क्यांनी काय बिघडतं?" दादाने विचारलं. बिघडतं ते असं.

गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं, तरी ते बिचाऱ्या मीटरला कळत नाही. काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८८ च्या वेगाने धावत असते. घाटात हा आठाचा फरक क्षुल्लक नव्हे. किलोमीटरही कमी मोजले जातात. मीटरवर १०,००० दिसतील तेव्हा गाडी ११,००० हून जास्त धावलेली असते. म्हणजे ऑईल बदलायलाही उशीर! अ‍ॅव्हरेजचंही तसंच. खरा १२ असला तर हिशेबात ११ च्या आत येतो, आणि आपण विनाकारण पंपवाल्यावर संशय घेतो.

मोठं चाक फिरवायला इंजिनाला जड जातं. दहा टक्के मोठ्या चाकामुळे रस्त्यापर्यंत पोचणारी ओढ साधारण नऊ टक्क्यांनी घटते. भरलेली गाडी घाट चढताना एक गिअर खाली टाकावा लागतो. उतरताना गिअरवर गाडी धरून ठेवण्याची ताकदही तेवढीच कमी होते.

आणि ब्रेक? ब्रेक तर जुनेच राहतात. रहाटाचा दांडा लांब केला की हाताला बळ मिळतं, हे आपण जाणतो. इथे तो लांब दांडा रस्त्याच्या हाती जातो आणि ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय मोठा टायर वजनाने जड असतो. फिरणारं वजन थांबवायला वेळ लागतो. त्यात लिफ्टमुळे गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला, म्हणजे वळणावर ती जास्त कलणार. पावसाळ्यातला ओला घाट, मागे मामी आणि दोन मुलं... दादा गप्प झाला.

दुकानात बसतो, खड्ड्यात अडतो

तरीही दादाचं समाधान झालं नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी देवरुखला गेले होते. मामींना गुडघ्यांसाठी कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्याच फेरीत टायरच्या दुकानातही जायचं ठरलं. मामींना गाडीत बसवताना दादा एका बाजूने, वहिनी दुसऱ्या बाजूने. दोन इंच म्हणजे किती असतात ते मामींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेहतीस इंची टायर आले असते तर त्यात आणखी दीड इंचाची भर पडली असती.

दुकानाचे मालक सत्तरीचे. दादाचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक तेहतीस इंची टायर रिमवर चढवून पुढच्या डाव्या बाजूला लावला. गाडी उभी होती, चाक सरळ होतं. टायर अगदी झोकात बसला होता. दादाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"थांबा," मालक म्हणाले. त्यांनी डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. त्या बाजूची स्प्रिंग दबली, चाक वर सरकलं. मग ते म्हणाले, "आता स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवा."

कर्रर्र! टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला आणि मागच्या मडफ्लॅपला घासत होता.

मालक हसून म्हणाले, "साहेब, लिफ्टने गाडी उभी असताना जागा वाढते. पण खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की चाक पूर्वी जिथवर यायचं तिथवरच येतं. ती जागा लिफ्टने वाढत नाही. टायर मापायचा तो स्प्रिंग दबलेली असताना."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. हलकी लिफ्ट बसवलेल्या प्रत्येक गाडीवाल्याने लिहून ठेवावं असंच आहे. घासणारा टायर नुसता आवाज करत नाही. भर वेगात, भरल्या गाडीत, वळणावर तो घासला तर रबर कापलं जातं, आणि पुढचं सांगायला नको. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून मडगार्ड कापून देतात. पण टायरसाठी गाडी कापायची, हा उलटा न्याय झाला.

कायदा आणि विमा

आता थोडी कडू गोळी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात १८२-अ हे कलम आलं. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

म्हणून सर्वांत निर्धोक माप ते, जे कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी स्वतः दिलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी आणि गाडीसोबतचं पुस्तक पाहा. तिथे एकापेक्षा जास्त मापं असतील तर त्यातलं मोठं बिनधास्त घ्या. त्यापलीकडे जायचं असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. तोंडी होकार अपघातानंतर कुणाला आठवत नाही.

हा नियम दादाच्या लिफ्टलाही लागू होतो. ती बसवण्यापूर्वी त्याने कुणालाच विचारलं नव्हतं. मी त्याला दोन्हीकडे पत्रं लिहायला लावली. उत्तर नकाराचं आलं तर लिफ्ट उतरवायची, असं वहिनीने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. गाडीचे हप्ते दोघं मिळून भरतात, तेव्हा हे बोलायचा तिला पूर्ण हक्क होता.

नक्षीही महत्त्वाची

मापाच्या नादात टायरच्या नक्षीकडे दुर्लक्ष होतं. खरं तर दादाला हवी होती ती पकड मापातून कमी आणि नक्षीतून जास्त मिळणार होती. टायर साधारण तीन प्रकारचे. एच-टी हा डांबरी रस्त्याचा, शांत आणि मऊ चालणारा. एम-टी हा चिखलाचा, मोठमोठ्या ठोकळ्यांचा. तो दिसतो रुबाबदार, पण डांबरावर घोंघावतो आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडते. मधला ए-टी, म्हणजे दोन्हीकडे चालणारा. आठवड्यातून दोनदा कातळावर आणि बाकी दिवस डांबरावर जाणाऱ्या गाडीला हाच योग्य.

दोन आकडे आणखी पाहायचे. भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको. उदाहरणार्थ, ११२ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १,१२० किलो. पेट्या वाहणाऱ्या गाडीला हे फार महत्त्वाचं. त्यापुढचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर. तेही मूळच्यापेक्षा खालचं नको.

शेवटी दादाने काय केलं? मूळचंच माप, २५५/६० आर १८, पण ए-टी नक्षीचे टायर घेतले. पाचही! स्टेपनी जुनी ठेवू म्हणत होता, मालकांनी त्याला समजावलं. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाकांचा व्यास सारखा हवा, नाहीतर कोरड्या रस्त्यावर आतल्या गिअरवर ताण येतो. झिजलेली आणि कोरी चाकं एकत्र लावणं हाही तोच प्रकार. तेहतीस इंची टायर घेतला असता तर स्टेपनी हौदाखालच्या जागेत मावली असती की नाही, हाही प्रश्नच होता. अलाइनमेंटही तिथेच करून घेतली. लिफ्टनंतर ती केलीच नव्हती, आणि पुढचे जुने टायर आतल्या बाजूने झिजायला लागले होते!

आणि ते दोन दगड?

परतताना आंबा घाटात पहिला पाऊस लागला. गाडी रस्ता धरून चालली होती. दादाने मात्र मध्येच विषय काढला, "पण बागेच्या वाटेवर गोळा घासणारच ना?"

मागून मामी म्हणाल्या, "अरे, मी लग्न होऊन आले तेव्हा त्या वाटेने बैलगाडी जायची. दगड वर आला की तुझे वडील पहार घेऊन जायचे. तुझ्याकडे पहार नाही का?"

गाडीत क्षणभर शांतता. मग वहिनी जी हसायला लागली, ती साखरप्यापर्यंत हसतच होती.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. दोन गडी, एक पहार आणि एक घण. अर्ध्या दिवसात दोन्ही दगड फुटून वाटेतून बाजूला झाले. तेहतीस इंची टायरने ३९ मिलिमीटर दिले असते, पहारीने वीतभर जागा दिली. पेट्या भरून गाडी नेली, काही घासलं नाही. मामींसाठी दाराखाली पायरी बसवायची का, हे लिफ्टच्या पत्राचं उत्तर आल्यावर ठरेल. तोवर घरातला लाकडी पाट गाडीत ठेवलाय.

टायर घेण्यापूर्वी

• आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहा. गाडी घासते कुठे, कशामुळे, महिन्यातून कितीदा?

• व्यासाचं गणित करा. मूळ मापापासून फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा.

• टायर लावून स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून तपासा. मागे जाताना ब्रेक दाबूनही पाहा.

• टायर ताजा आहे का बघा. कडेवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

• रिमच्या रुंदीला तो टायर चालतो का, ते दुकानदाराला विचारा.

• हवा थंड टायरमध्ये भरा. माप बदललं तर दारावरच्या पट्टीतला आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही.

• चाकाचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.

• आणि हो, घरात जो सर्वांत कष्टाने गाडीत चढतो, त्याला एकदा चढवून पाहा. तो जमेल म्हणाला, तरच पाकीट उघडा!